तेच ते ऐकावे कशासाठी?

गेल्या एकादशीला कीर्तन संपल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने आम्हांस गाठले. म्हणाला, "आजोबा, अभंग बुवांना पाठ, तुम्हांला पाठ, दृष्टांतही मागच्याच वर्षीचा. मग दोन तास सांगितले काय नि ऐकले काय?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, आणि त्याला शास्त्राचाही आधार आहे. १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत असता संदेशवहनाचा एक सिद्धांत मांडला. एका टोकाला सांगणारा, दुसऱ्या टोकाला ऐकणारा, मध्ये तार आणि तारेतली खरखर. माहिती मोजायची ती अनपेक्षितपणावरून. जे येणार हे आधीच पक्के ठाऊक आहे, ते आले तरी माहिती शून्य. या हिशेबाने आमचा 'ज्ञानोबा तुकाराम' हा गजर शून्यच की! आळंदीपासून पंढरीपर्यंत पायी चालत नेलेले शून्य.

शॅननवर रागावण्याचे मात्र कारण नाही. शब्दांच्या अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, असे त्याने आरंभीच सांगून टाकले होते. त्याला तार सुधारायची होती. शिवाय पुनरुक्तीमुळेच खरखरीतूनही बोलणे निभावते, हेही त्यानेच दाखवले. टाळकरी ध्रुवपद पुन्हा पुन्हा उचलतात तेव्हा मागच्या रांगेत मूल रडत असले तरी अभंग हरवत नाही, हे आम्हांला गणिताशिवाय कळत होते, एवढेच.

चूक होते ती तारेचे माप माणसांच्या बैठकीला लावल्याने. १९७५ साली जेम्स कॅरी या अमेरिकन प्राध्यापकाने हेच बोलून दाखवले. संवाद म्हणजे नुसती इकडची बातमी तिकडे पोचवणे नव्हे. माणसे एकत्र येऊन आपले जग पुन्हा उभे करतात, तोही संवादच. तो म्हणतो, वर्तमानपत्र वाचणे हेसुद्धा चर्चमधल्या उपासनेला जाण्यासारखे आहे. नवे फारसे कळत नाही, पण जगाकडे पाहण्याची एक रीत पक्की होते. आमच्यात लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात, त्यात कोणती बातमी पोचते? तरी ते पडणे थांबले तर वारकरी उरेल काय?

मुलाला आम्ही हे सांगितले. त्याला पटले. आम्हांला मात्र रात्री झोप येईना.

कारण पक्की होणारी रीत चांगलीच असते असे कोठे आहे? चोखोबा मंगळवेढ्यास कुसवाखाली गेले ते १३३८ साली, असे मानतात. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. त्यांचे अभंग आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गाइले. तारेत खरखर नव्हती, शब्द चुकला नव्हता, सगळ्यांना पाठ होते. आणि गाणाऱ्यांनी त्यांच्या माणसांना मात्र दाराबाहेरच ठेवले. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, तेव्हा कोठे दार उघडायचे ठरले. म्हणजे सहाशे वर्षे निरोप पोचत होता आणि पोचत नव्हताही. शॅननच्या आकृतीत या दोषाला जागा नाही. कॅरीच्या एकत्र येण्यातही, कोण एकत्र आले आणि कोण उंबऱ्याशी राहिले, हे निराळे विचारावेच लागते.

त्या एकादशीला निरूपणास अभंग चोखोबांचाच होता. बाहेर पायरीपाशी एक गृहस्थ भिंतीला टेकून टाळी धरीत बसले होते. आत जागा होती. "माउली, वर या," असे म्हणायला कोणी उठले नाही. आम्हीही नाही. आमच्या हातात टाळ होते, ध्रुवपद चालू होते.

मुलाला आम्ही कॅरीचे सांगितले. हे सांगितले नाही.