आधी पर्याय, मग कर

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात हिवाळा लवकर येतो आणि रेंगाळतो. तिथल्या बऱ्याच जुन्या घरांच्या तळघरात किंवा मागच्या भिंतीशी 900 लिटरच्या आसपासची तेलाची टाकी असते. टँकर येतो, चालक नळी लावतो आणि टाकीच्या शिट्टीकडे कान देऊन उभा राहतो. शिट्टी थांबली की टाकी भरली. 1 जुलै 2023 पासून या तेलावर केंद्र सरकारचा कार्बन कर लागू झाला : कार्बन डायऑक्साइडच्या टनाला 65 डॉलर, म्हणजे लिटरमागे 17 सेंटांहून थोडा जास्त. रिकामी टाकी भरायची तर दीडशेच्या वर डॉलर जादा.

कर अन्यायाचा होता, असं मात्र हिशेब सांगत नाही. जमा झालेला बहुतेक पैसा सरकार घरोघरी परत देत होतं. नोव्हा स्कोशियात चौघांच्या कुटुंबाला तिमाहीला 248 डॉलर, वर्षाला 992. वर्षाकाठी 2000 लिटर तेल जाळणाऱ्या घराला तेलावरचा कर पडायचा साधारण 350 डॉलर. गाडीच्या पेट्रोलवरचा कर त्यात मिळवला तरी अनेक सामान्य घरांच्या पदरात काही उरत होतं.

तरी लोक चिडले, आणि त्यांची चीड मला खोटी वाटत नाही. इंधन महागलं की माणूस दुसरा मार्ग धरेल, या गृहीतावर हा कर उभा असतो. पण इथे दुसरा मार्ग म्हणजे विजेवर घर तापवणारा हीट पंप, आणि तो बसवायला हजारो डॉलर एकरकमी लागतात. घर जुनं असेल तर भिंतींतून ऊब निसटू नये म्हणून वेगळा खर्च, कधी वायरिंगही नवं. भाडेकरूला तर टाकी काढायचा अधिकारच नाही. तीन महिन्यांनी खात्यात येणाऱ्या परताव्यातून हे भांडवल उभं राहत नाही. ज्याला बदलणं परवडतच नाही, त्याच्यापुरता हा कर म्हणजे नुसतं फुगलेलं बिल.

यावर 26 ऑक्टोबर 2023 ला पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी जो तोडगा काढला तो मला दुखण्यापेक्षा वाईट वाटतो. घर तापवायच्या तेलावरचा कर तीन वर्षांसाठी स्थगित झाला. हीट पंपासाठीची मदत वाढवली, हे योग्यच. पण ती कराच्या आधी घरात पोचायला हवी होती. माफी गरज पाहून दिली नाही, इंधन पाहून दिली. तेलावर घर तापवणाऱ्या श्रीमंताला ती मिळाली, नैसर्गिक वायू जाळणाऱ्या गरिबाला नाही, आणि वायू तर तेलापेक्षा कमी कार्बन सोडतो. सस्कॅचेवानचे प्रीमियर स्कॉट मो यांनी लगेच हा भेदभाव मुद्दा म्हणून उचलला आणि जानेवारी 2024 पासून त्यांच्या प्रांताने घरगुती वायूवरचा हा कर गोळा करणं बंद केलं. एका इंधनाला सूट दिल्यावर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? 14 मार्च 2025 ला मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि त्याच दिवशी त्यांनी ग्राहकांवरचा कर रद्द करायचा निर्णय घेतला. 1 एप्रिलपासून तो शून्यावर आला.

याउलट स्वीडनने 1991 मध्ये टनाला 250 क्रोनर कार्बन कर लावला, पुढे तो कितीतरी पटींनी वाढवला, आणि तिथे घरगुती तेलाच्या भट्ट्या जवळजवळ संपल्या. पण 1970 च्या दशकातल्या तेलसंकटापासूनच तिथल्या शहरांनी एका केंद्रातून घरोघर गरम पाणी नेणारं नळांचं जाळं वाढवायला घेतलं होतं. कराने ढकललं तेव्हा जायला जागा होती.

नोव्हा स्कोशियात कर गेला, टाक्या राहिल्या. युक्रेन युद्धानंतर 2022 मध्ये तिथे तेलाचा लिटरचा भाव 2 डॉलरच्या घरात गेला होता. ती वाढ कराच्या कितीतरी पट होती. असा भाव पुन्हा चढेल तेव्हा कर नसल्याने त्या घरांचं रक्षण होणार नाही. म्हणून हीट पंपाच्या मदतीचा पैसा आधी तेल घ्यायलाही ज्यांना ओढाताण होते त्यांच्याकडे जावा, भाड्याच्या घरांसह, आणि पूर्ण खर्चाइतका जावा.