भिंतीचा दोष आणि रहिवाशाची काटकसर

इमारतीला किती ऊर्जा लागते हे ठरवण्याच्या पद्धती वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिलेला प्रश्न आहे, तो म्हणजे ज्ञान यथार्थ केव्हा मानावे आणि ते नेमके कोणत्या वस्तूचे असते.

जर्मनीत घर विकताना किंवा भाड्याने देताना दाखवावे लागणारे ऊर्जा-प्रमाणपत्र दोन प्रकारचे असते. पहिले मागणीवर आधारित असून त्यात भिंती, छत, खिडक्या आणि तापनयंत्रणा यांच्या गुणधर्मांवरून, ठरावीक हवामान व ठरावीक राहणी गृहीत धरून, घराला लागणारी ऊर्जा गणिताने काढली जाते. दुसरे वापरावर आधारित असून त्यात सलग तीन वर्षांच्या इंधनाच्या नोंदी घेऊन हवामानातील चढउतारांची दुरुस्ती केली जाते. पहिले अनुमान आणि दुसरे प्रत्यक्ष, अशी विभागणी येथे सहज सुचते. पण ती पुरेशी नाही, कारण मीटरवर दिसतो तो केवळ वापर, आणि त्यावरून घर चांगले की वाईट हे ठरवणे पुन्हा अनुमानच असते.

मिना सुनिका-ब्लँक आणि रे गॅल्विन यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की जर्मन घरांत तापनासाठी होणारा खरा वापर गणिती अंदाजापेक्षा सरासरीने सुमारे 30 टक्के कमी असतो, आणि घराचा दर्जा जितका वाईट तितकी ही तफावत मोठी असते. गणितात चूक नसताना असे का व्हावे, याचे उत्तर न्यायशास्त्रातील उपाधीच्या विवेचनात सापडते. साध्याबरोबर, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याबरोबर, नेहमी असणारी, पण हेतूबरोबर, म्हणजे ज्यावरून ते सिद्ध करायचे त्याबरोबर, नेहमी नसणारी जी अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान सदोष ठरते, कारण धूर निघण्यास ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. त्याचप्रमाणे ज्या घराच्या भिंती उष्णता धरून ठेवत नाहीत तेथे इंधन फार जळणारच, या अनुमानात राहणारे सर्व खोल्या ठरावीक तापमानापर्यंत तापवतात ही अट दडलेली असते. इंधन परवडत नाही म्हणून एकाच खोलीत हिवाळा काढणारे कुटुंब ती अट पाळत नाही.

यातून दुहेरी अन्याय संभवतो, आणि तो गंभीर आहे. वापराच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष त्या कुटुंबाने सोसलेली थंडी भिंतीचा गुण म्हणून नोंदवतो. उलट गणिती निष्कर्षाच्या भरवशावर दुरुस्तीचा खर्च इतक्या वर्षांत भरून निघेल असे सांगितले जाते, तेव्हा जे इंधन जाळलेच गेले नव्हते तेच वाचणार असे गृहीत धरले जाते. दुरुस्तीनंतर घर उबदार होते आणि तो लाभ खरा असतो, परंतु तो बिलात दिसत नाही.

पंख्याने दारातून हवा ओढून, घराच्या आत व बाहेर 50 पास्कल दाबाचा फरक निर्माण करून फटी शोधण्याची चाचणी या पेचातून काही अंशी सोडवते, कारण ती रहिवाशाला वगळून इमारतीच्या बांधणीचीच परीक्षा करते.

भारतात हा भेद निराळ्या रूपात येतो. इको-निवास संहिता, 2018 ही बाह्य भिंती-खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेला, शीत प्रदेश वगळता, प्रति चौरस मीटर 15 वॅटची मर्यादा घालते आणि छतासाठी वेगळी अट ठेवते. कार्यालयीन इमारतींना मिळणारे तारांकन मात्र वर्षभरात दर चौरस मीटरमागे खर्च झालेल्या विजेवर ठरते. हा दुसरा निकष नागपुरात वरच्या मजल्यावर, उन्हात भाजणाऱ्या स्लॅबखाली, केवळ पंख्यावर उन्हाळा काढणाऱ्या घराला लावल्यास ते घर उत्तम ठरेल. म्हणून निवासी इमारतीची परीक्षा आधी बांधणीची असावी, आणि वापराची नोंद घेताना त्या घरात प्रत्यक्ष किती तापमान होते हेही शेजारी लिहिले जावे.