दुसऱ्याच्या दाराशी



आजचं वाचन धम्मपदातलं, पुप्फवग्ग, गाथा ४९. भुंगा फुलाच्या रंगावासाला धक्का न लावता रस घेऊन निघून जातो, मुनीने गावात तसं फिरावं, असा तिचा भाव. आपण ती भिक्षेपुरती वाचतो. मला ती धम्म सांगत घरोघरी जाणाऱ्यांसाठीही वाटते. कोणी बोलावलेलं नसताना दुसऱ्याच्या दारात उभं राहायचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

एक उत्तर तयार आहे. पहिले ६० अर्हत झाल्यावर भगवंतांनी त्यांना बहुजनांच्या हितासाठी फिरायला पाठवलं. कोणी निघालंच नसतं, तर आपल्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर स्तूप झाला नसता. १९६९-७० च्या उत्खननात तो सापडला, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी इथवर चालत आलं होतंच.

पण जाणं आणि दारात उभं राहणं यात फरक आहे.

मागच्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामाने जपानला होतो. तिथे निचिरेन परंपरेचे उपासक ऐन थंडीत हातपंख्यासारखा चपटा ढोल वाजवत, मंत्र म्हणत वस्तीतून फिरतात. एका संध्याकाळी मीही त्यांच्यासोबत चाललो. भाषेचा गंध नाही, त्यामुळे सगळ्यांच्या मागे राहून ठेक्यावर पाय टाकायचे, एवढंच काम. काही दारं उघडली, काही नाही. न उघडलेल्या दाराकडे कोणी वळून पाहिलं नाही.

तो ढोल विदर्भाला नवा नाही. फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि त्यांचा मंत्र पुढे सेवाग्रामच्या प्रार्थनेत आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भदंत सुरेई ससाई नागपूरला आले, तेव्हा तेही ढोल वाजवत वस्त्यांतून फिरत. नागपूरने त्यांना आपलं मानलं. मला वाटतं, त्यांच्या परकेपणाचाही त्यात वाटा असावा. परक्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं, म्हणून त्याला दिलेला होकार खरा असतो.

गावात उलट. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन सुरू झालं, की आम्ही पोरं घरोघरी निरोप द्यायला निघतो. घरच्यांसाठी दारात आलेला माणूस म्हणजे शेजारी, भाचा, नाहीतर ज्याच्या बापाकडून उसने पैसे घेतलेत त्याचा पोरगा. "येतो ना बाबू, तू चाल पुढं," असं उत्तर येतं. त्यातून काहीच कळत नाही, कारण नाही म्हणायची सोयच नाही. आमच्या धंद्यात ईमेलच्या तळाशी 'अनसबस्क्राइब' तरी असतं. आणि हातात वर्गणीची वही असली, तर निरोपाची हजेरी होते. जिचा नवरा नुकताच गेला, जिला अजून चार माणसांत बसवत नाही, तिने दारात उभं राहून कारण सांगायचं. रंग आणि वास म्हणजे दुसरं काय असतं?

मग आपल्या गावात जाऊच नये का? तसंही नाही. भगवंत कपिलवस्तूला परत आले, तेव्हा स्वतःच्या गावात घरोघर फिरले, शुद्धोदनाला लाज वाटली तरी. पण हातात भिक्षापात्र होतं. विनयाप्रमाणे भिक्खू दारात मुकाट उभा राहतो, तोंडाने मागत नाही. पात्र घेऊन येणारा घरच्या माणसाला दाता करतो, म्हणजे वरचं स्थान देतो. उपदेश घेऊन येणारा ते स्वतःकडे ठेवतो, कळत नकळत. कसिभारद्वाजाने गाथा ऐकून खीर पुढे केली, तर भगवंतांनी ती घेतली नाही. गाथेच्या बदल्यात अन्न नको. वर्गणी आणि धम्म एकाच फेरीत नेणारे आपण ही गोष्ट दरवर्षी ऐकतो, आणि संपली की वही काढतो.

यंदा वही विहारातच ठेवायची, ज्याला द्यायचं तो येऊन देईल, असं मी सुचवलं आहे. समितीतले एक काका म्हणाले, "मंग लाइटचं बिल कोन भरन?" प्रश्न खरा आहे. मागच्या वर्षी घरोघर फिरूनच ते जेमतेम भरलं होतं. रविवारी बैठक आहे.