पावणं, कुणाच्यात?

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी फुलेवाडी नाक्यावर उभं राहिलं की कोल्हापूरकरांच्या मनात काय शिजतंय ते कळतं. गाड्यांची रांगच्या रांग गगनबावड्याकडे निघालेली असते. बालिंग्याचा पूल ओलांडला, कळे मागं पडलं, की काचा खाली होतात. साळवणच्या पुढं डोंगरावर उतरलेले ढग दिसले की गाडीतलं कुणीतरी ठरलेलं वाक्य बोलतं : "इथंच कुठंतरी दहा गुंठं घ्यावं, चार खोल्या टाकाव्यात आणि मोकळं जगावं." तांबडा रस्सा बरा की पांढरा यावर ज्यांचं कधी जमत नाही, त्या सगळ्यांचं या एका वाक्यावर एकमत होतं. करोनाच्या काळात घरून काम करता येतं हे दिसलं आणि तेव्हापासून हे बोलणं सहलीपुरतं राहिलेलं नाही. पुण्यात नोकरी करणारी इथली पोरं आता खरोखरच जमिनी बघत फिरतात; कुणी आंब्याला, कुणी आजऱ्याला, कुणी दाजीपूरच्या वाटेवर.

या इच्छेत खोटं काही नाही. शहरातला माणूस घराच्या हप्त्याला बांधलेला, हजेरीच्या यंत्राला बांधलेला, सिग्नलला बांधलेला. यातून सुटावंसं वाटणं साहजिक आहे. फक्त एक गोष्ट विचारायची राहून जाते. ज्या गावात आपण मोकळं व्हायला निघालो, तिथली माणसं स्वतः कितपत मोकळी आहेत?

म्हशीपासूनच बघू. पहाटे पाचला गोठ्यात दिवा लागतो. शेण ओढायचं, वैरण टाकायची, रेडकू पाजायला सोडायचं, मग धार. उजाडता उजाडता किटली घेऊन दूध संस्थेच्या दारात रांग. संस्थेचा माणूस थोडं दूध नमुन्याला काढतो, यंत्र फॅट सांगतं, चिठ्ठी हातात पडते. फॅट खाली आली की मालकिणीचा चेहराही उतरतो. संध्याकाळी पुन्हा हेच सगळं. 1963 मध्ये गोकुळ दूध संघ उभा राहिला आणि दर दहा दिवसांच्या बिलावर जिल्ह्यातल्या घराघरांचा किराणा, शाळेची फी, दवाखाना चालू लागला. पण त्या बिलापायी घरातली बाई गोठ्याला बांधली गेली. माहेरी जत्रेला गेली तरी जेवण उरकून धारेच्या वेळेला घरी हजर. म्हशीला रविवार नसतो.

उसाचंही तसंच. शेतीपंपाची वीज आठवडाभर दिवसा आली, तर पुढचा आठवडा रात्रीची. रात्रीच्या पाळीला माणूस बॅटरी घेऊन सरीत पाणी वळवत फिरतो, पायाखाली साप आहे की काठी हे बघत. तोड कधी मिळणार ते कारखाना ठरवणार. घरातलं लग्नही तोडीचा अंदाज घेऊन धरायचं. आपण गाडीतून जे हिरवंगार बघून हळहळतो, ते अशा बांधलेल्या माणसांनी उभं केलेलं असतं.

बरं, कामाचं सोडा. नुसत्या राहण्याचं काय? आपल्याकडे कुठल्याही गावात अनोळखी माणूस एसटीतून उतरला की पारावरून पहिला प्रश्न येतो : "पावणं, कुणाच्यात?" यात आगाऊपणा नसतो. गावाला माणूस सुटा दिसत नाही. तो कुणाचा तरी पाहुणा, कुणाच्या तरी भावकीतला, कुणाचा तरी जावई असायला लागतो. एकदा तो धागा सापडला की चहा येतो, राहायची सोय होते, रात्री-अपरात्री कुणीही धावून येतं. पण त्याच धाग्यावरून तुमच्या घरी कोण आलं, किती वाजता गेलं, मटणाचा वास कधी आला, हेही गावभर पोचतं. मदत आणि नजर या दोन्ही गोष्टी गावात एकाच दारातून येतात. एकीला आत घ्यायचं आणि दुसरीला बाहेर ठेवायचं, असं जमत नाही.

कायदाही वेगळ्या शब्दांत हेच विचारतो. 1948 च्या कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुम्ही शेतकऱ्याच्यात आहात काय, असंच ते विचारणं. त्याच्या आदल्या वर्षीचा तुकडेबंदीचा कायदा आहे. त्याखालचं प्रमाणभूत क्षेत्र शासनानं 2023 मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे असं ठरवलं. म्हणजे गाडीत बसून घेतलेली दहा गुंठं डोंगरउतारावरच्या जिरायत रानात सहजी मिळत नाहीत. कोल्हापुरात बऱ्याच लोकांचं नाव कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर असतं, त्यामुळे शेतकरी असल्याचा कागद निघतो. मात्र त्या सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची, वारस लागलेल्या नि न लागलेल्यांची नावं असतात आणि मोकळं जगायची सुरुवात वाटणीच्या वादानं होते.

आणखी एक गोष्ट या जिल्ह्यात बसून तरी विसरता येणार नाही. गावात मोकळं वाटणं हे तुम्ही कोण म्हणून तिथं जाता यावर अवलंबून असतं. 1918 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरची हजेरी बंद केली. त्याआधी या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. गाव सोडून कुठं जायचं तर विचारून जायचं. दोन वर्षांनी, मार्च 1920 मध्ये, माणगावच्या परिषदेत शाहू महाराज आणि तरुण आंबेडकर एका मांडवात होते. पुढं 1948 साली संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर लांब थांबावं लागलं, त्यांना शहर मोकळं वाटलं ते याचसाठी, की तिथं कुणाच्यात म्हणून कुणी विचारत नाही. आपण ज्या गर्दीला कंटाळून निघालो, ती गर्दी कुणासाठी तरी पांघरूण होती. तेव्हा गावाकडे निघताना मनात ठेवावं : आपल्याला तिथं हलकं वाटतं, त्याचं एक कारण असं असू शकतं की आपल्या खिशात पैसे आहेत, आडनाव अडचणीचं नाही आणि कंटाळा आला तर परत यायला शहरात फ्लॅट आहे.

मग गावाला जाऊच नये काय? जावं. जाऊन टिकलेली माणसं आहेत. ती कशी टिकली एवढं बघावं.

वि. स. खांडेकर 1920 मध्ये शिरोड्याला गेले. समुद्र आहे, माडाची बनं आहेत म्हणून गेले नाहीत, तिथल्या शाळेत मास्तर हवा होता म्हणून गेले. अठरा वर्षं राहिले. पोरं शिकवली, शाळा वाढवली आणि त्या धबडग्यातच आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्या लिहिल्या. 1938 मध्ये कोल्हापूरला आले ते इथलेच झाले. आणखी अलीकडचं उदाहरण दिलीप कुलकर्णी यांचं. इंजिनिअरची वाट सोडून ते आणि त्यांच्या पत्नी पौर्णिमाताई 1993 च्या सुमाराला दापोली तालुक्यातल्या कुडावळे गावात राहायला गेले. कमी वस्तूंत, कमी विजेत, कमी पैशांत जगता येतं काय हे स्वतः जगून बघायचं, हेच त्यांचं काम होतं. 'गतिमान संतुलन' हे मासिक त्यांनी तिथून चालवलं. दोघांच्या वाटा वेगळ्या, काळ वेगळा. पण गावात शिरताना दोघांच्याही हातात काम होतं. पारावरच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं. खांडेकर शाळेच्यात होते.

याची उलटी बाजू प्रयाग चिखलीत दिसते. कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर, नद्यांच्या संगमावरचं गाव. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ आहे. 1989 च्या महापुरानंतर गावाला सोनतळीला उंचावर जागा मिळाली. तरी 2005, 2019, 2021 च्या पुरांत पाणी आलं तेव्हा नदीकाठची घरं भरलेलीच होती. बाहेरच्याला हा हट्ट वाटतो. पण रान नदीकाठी, वैरण नदीकाठी, म्हशी नदीकाठी. माणूस एकटा वर जाऊन करणार काय? सुरक्षित जागा मिळाली तरी हाताला काम आणि दावणीला जनावर असेल तिथंच माणसाचा जीव राहतो. ज्यांना गाव सोडता येत नाही आणि ज्यांना गावात जायचंय, त्या दोघांनाही चिखली एकच गोष्ट शिकवते.

म्हणून गाव निवडायचं तर स्थळ बघतात तसं बघावं. पोहे खाऊन, घर आवडलं म्हणून कुणी सोयरीक जमवत नाही; चार ठिकाणी चौकशी करतात, उणंदुणं काढतात. डिसेंबरातलं गाव हे पोह्यांच्या दिवशीचं गाव असतं. चौकशी जुलैत करावी. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याचा पाऊस शिरोळच्या दहापट पडतो. बावड्यात दोन-दोन महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, वीज जाते ती दिवस-दिवस येत नाही आणि रात्री छातीत कळ आली तर कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठायला 55 किलोमीटर. शिरोळला पाऊस कमी, जमीन सपाट, पण कृष्णा-पंचगंगेचा पूर दारात आणि काही रानं क्षारपड झालेली. राधानगरीकडे गवे शेतात उतरतात. चंदगड-आजऱ्याच्या रानात गेली वीसेक वर्षं हत्ती येतात आणि एका रात्रीत केळी, ऊस, काजू आडवा करतात. वाईट यातलं कुठलंच गाव नाही. कशाशी जमवून घ्यायची आपली तयारी आहे, एवढाच प्रश्न आहे.

शहराच्या अगदी लगत जायचं असेल तर आणखी वेगळी गंमत. 1972 मध्ये कोल्हापूरची महापालिका झाली आणि पुढची पन्नास वर्षं हद्द वाढली नाही. भोवतालच्या गावांना शहर नको होतं. त्यांना आपली ग्रामपंचायत, आपला घरफाळा, आपलं रान हवं होतं. पण हद्द वाढली नाही तरी शहर वाढायचं थांबलं नाही. पाचगाव, कळंबा, उचगाव इथं रानांचे प्लॉट पडले आणि गाव म्हणून तिथं गेलेल्या माणसाच्या खिडकीसमोर चार वर्षांत अपार्टमेंट उभी राहिली. शांततेच्या शोधात निघालेले सगळेच एका गावात उतरले तर ती शांतता आपणच संपवतो, हेही हिशेबात धरावं.

तेव्हा ज्याला जायचं आहे त्यानं आधी एवढं ठरवावं, की त्या गावात आपण कशाला बांधून घेणार. शाळेतल्या पोरांना संध्याकाळी गणित शिकवीन, संस्थेचे हिशेब संगणकावर घालून देईन, दोन म्हशी पाळीन, मधाच्या पेट्या ठेवीन, पेरणीला पैऱ्यावर जाईन. काहीही चालेल, पण गावातल्या कुणाला तरी आपली वाट बघावी लागेल असं हवं. शहरातली बंधनं आपण न निवडता गळ्यात पडली होती. इथलं बंधन निवडायला मिळतं, आणि गावात मोकळीक मिळते ती एवढीच. ती थोडी वाटेल. पण पहाटे उठायचं कुणासाठी हे स्वतः ठरवता येणं शहरातल्या किती जणांच्या नशिबी आहे? ज्याला कुणाशीच बांधून घ्यायचं नाही, त्यानं खुशाल रविवारी जावं, मक्याचं कणीस खावं, फोटो काढावेत आणि संध्याकाळी परत यावं. त्यात कमीपणा नाही.

बाकीच्यांसाठी क्रम सोपा आहे. आधी काम ठरवा. मग भाड्याच्या खोलीत एक पूर्ण पावसाळा काढा. मयताला जा, जत्रेची वर्गणी द्या, वैरणीचा भारा एकदा डोक्यावर घेऊन बघा. एवढं करूनही राहावंसं वाटलं, तर सातबारा काढायला तलाठ्याकडे जा. आपल्यातले बहुतेक जण सातबाऱ्यापासून सुरुवात करतात आणि पहिल्या पावसाळ्यात विकायला काढतात.