मर्यादा आणि मनाई

शेतजमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्याखेरीज दस्त पुरा होत नाही. पूर्वेस कोणाचे शेत, पश्चिमेस कोणता ओढा, दक्षिणेस व उत्तरेस काय, हे ठरले म्हणजेच त्या भूमीला स्वतःचे रूप येते. त्या सीमेवरचा बांध पाणी अडवतो, माती वाहून जाऊ देत नाही, आणि म्हणूनच शेत पिकते. ज्या ‘बन्ध्’ धातूपासून हा बांध आला, त्यापासूनच बंधन आले आणि बंधूही आला. राखणे, जखडणे आणि जोडणे हे तिन्ही अर्थ एकाच धातूच्या पोटी नांदत असल्यामुळे, धर्माने घातलेल्या बंधनाविषयी बोलताना त्यांतील कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे आधी निश्चित केले पाहिजे.

पतंजलींनी योगाच्या आठ अंगांत पहिले स्थान यमाला दिले. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह ही पाचही साधकाने स्वतःला घालून घेतलेली बंधने होत. वर्षाकाळी पायांखाली जीव चिरडले जाऊ नयेत म्हणून जैन साधू चातुर्मासात विहार थांबवून एका स्थळी राहतात, आणि तुळशीची माळ गळ्यात घालणारा वारकरी आपल्या आहारविहाराला जन्मभराची सीमा घालून घेतो. या सर्व नियमांचा भार पाळणाऱ्याच्याच शिरावर असतो, आणि त्यांचा लाभ मात्र त्याच्यासह भोवतालच्या जिवांनाही होतो. मर्यादा या शब्दाचा हा पहिला आणि खरा अर्थ होय.

परंतु याच शब्दाच्या आड दुसरी एक गोष्ट शतकानुशतके उभी राहिली. इ. स. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून अस्पृश्य मानलेल्या जातीतले संत चोखोबा त्याखाली गाडले गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, असे वारकरी परंपरा सांगते. ज्या कुसाच्या आत राहण्याचा त्यांच्या जातीला अधिकार नव्हता, तेच कूस उभारताना त्यांना मरण आले. आणि ज्या दाराच्या आत त्यांना जाता आले नाही, त्याच्या बाहेरच त्यांची समाधी झाली. या निर्बंधाला पूर्वापार वहिवाट म्हटले गेले, देवस्थानची मर्यादा म्हटले गेले. पण ज्यांनी तो घातला त्यांना त्याची झळ कधीच लागली नाही. ती मर्यादा नव्हती, मनाई होती.

१९४७ च्या मे महिन्यात त्याच पंढरपुरात, अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा हे दोन्ही अर्थ समोरासमोर आले. एका बाजूस दुसऱ्याच्या पावलांना घातलेली बंदी होती. दुसऱ्या बाजूस एका माणसाने स्वतःच्या अन्नाला घातलेली बंदी होती. स्वतःवरच्या बंधनाने परक्यावरचे बंधन सोडवले, आणि ते दार उघडले.

यावर कोणी म्हणेल की, मग बाहेरून घातलेला प्रत्येक निर्बंध त्याज्यच मानावयाचा काय? तसे नव्हे. राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली व तिचे पालन निषिद्ध ठरवले, तीही एक मनाईच आहे. पण ती अडवणाऱ्याचा हात धरते आणि अडवलेल्याची वाट मोकळी करते. शिवाय ती सर्वांस सारखीच लागू आहे, तिच्यातून कोणाचाही जन्म त्याला सूट मिळवून देत नाही. म्हणून कसोटी ही की, सीमा आखणारा स्वतः तिच्या आत राहावयास तयार आहे काय, आणि तिचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो.

वाचकांनी ही कसोटी दूरच्या मंदिरापेक्षा आधी आपल्या घराच्या उंबरठ्यावर लावून पाहावी. घराण्याची रीत म्हणून जे नियम आपण सुनेला, मुलीला, विधवेला सांगतो, त्यांपैकी किती आपण स्वतः पाळतो, हे मोजावे. आणि जे आपण पाळत नाही, ते धर्माच्या नावाने दुसऱ्यास सांगणे आजपासून थांबवावे.