टोचणी

दुसऱ्याचा दोष दाखवणे हा निष्ठुरपणा की दया? या प्रश्नाचे उत्तर मला एका जुन्या गाडीने दिले.

धाकट्या भावाने तिकीट पाठवले, म्हणून सुट्टीत अमेरिकेला, ओहायोत गेलो होतो. त्याने एक जुनी एअरस्ट्रीम विकत घेतली होती. मोटारीमागे जोडून न्यायचे हे ॲल्युमिनियमचे फिरते घर. त्याच राज्यात जॅक्सन सेंटर या गावी १९५२ पासून तयार होते.

"दादा, आधी पॉलिश करू. आरशासारखी चमकेल!" भाऊ म्हणाला.

शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मात्र अणकुचीदार टोचा घेऊन आले. पत्र्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. आत शिरून कडेकडेने तळाचे प्लायवूड टोचीत गेले. मागच्या कोपऱ्यात टोचा लोण्यात शिरावा तसा शिरला. सांध्यांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले होते. वर पत्रा शाबूत. खाली लाकूड कुजलेले, पोलादी सांगाडा गंजलेला!

भावाचा चेहरा उतरला. मला माझा एक विद्यार्थी आठवला. गणितात तो कच्चा. पण आईबापांना वाईट वाटू नये म्हणून प्रगतिपुस्तकावर मी 'समाधानकारक' असा शेरा मारीत गेलो. पुढे दहावीला तो गणितातच नापास झाला. "गुरुजी, आधी का नाही सांगितलंत?" एवढेच त्याचे वडील म्हणाले.

माझी ती दया म्हणजे नुसते पॉलिश होते.

पण वाचकहो, टोचून निघून जाणे हीही दया नव्हे. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी करवत घेऊन आले, आणि नवी फळी बसेपर्यंत रोज येत राहिले.