हललेलं डोकं

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेज ऑफ विस्कॉन्सिनमध्ये भरत बिस्वाल नावाचा संशोधक विद्यार्थी एमआरआयच्या आकड्यांतला गोंगाट उपसत बसला होता. फंक्शनल एमआरआयची तेव्हाची रीत साधी होती. माणसाला यंत्रात झोपवायचं, बोटं हलवायला सांगायचं आणि मेंदूच्या कुठल्या भागाकडे रक्त जास्त धावतं ते बघायचं. बोटं थांबल्यावर जे आकडे येतात ते निरुपयोगी, गाळून टाकायचे. बिस्वालने नेमके तेच आकडे पाहिले. बोटं शांत असतानाही हालचालीचं नियंत्रण करणारे डाव्या आणि उजव्या बाजूचे पट्टे एका तालात वरखाली होत होते, आणि तेही इतक्या सावकाश की एका फेऱ्याला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागावा. १९९५ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांना तो श्वासाचा नाहीतर नाडीचा परिणाम वाटला. २००१ मध्ये सेंट लुईसच्या मार्कस रेकल यांनी दाखवून दिलं की माणूस काहीच करत नसतो तेव्हा मेंदूचे काही ठरावीक भाग उलट जास्त कामात असतात. तेव्हापासून ‘मेंदूतली जाळी’ हा विषय सुरू झाला तो आजतागायत.

जाळं म्हणजे इथे प्रत्यक्ष धागे नव्हेत. दोन भागांतले चढउतार एकमेकांशी जुळत असतील तर ते जोडलेले आहेत असं मानायचं, एवढंच. ही पूर्णपणे सांख्यिकीची गोष्ट आहे. हे ध्यानात ठेवलं नाही की पुढचं सगळं प्रकरण जादूच्या प्रयोगासारखं वाटू लागतं, आणि वर्तमानपत्रांत ते बहुतेक वेळा तसंच छापून येतं.

ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या अभ्यासकांना ही कल्पना पटकन आपलीशी वाटली, त्यालाही कारण होतं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यानंतर दोन-अडीच दशकं दोष दिला गेला तो आईच्या थंड स्वभावाला. किती आयांनी ते खरं मानून आयुष्य काढलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. पुढे मेंदूत बिघडलेली एखादी जागा शोधण्याची धडपड झाली, तिलाही यश आलं नाही. अशा वेळी २००४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मार्सेल जस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या १७ जणांना आणि नसलेल्या १७ जणांना यंत्रात वाक्यं वाचायला दिली. ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूतले भाषेशी संबंधित भाग एकेकटे काम करत होते, पण त्यांचा परस्परांशी ताल कमी जुळत होता. त्यातून सिद्धान्त मांडला गेला: दोष जागेत नाही, जोडणीत आहे. लांबचे दुवे सैल आणि जवळचे घट्ट, अशा रूपात तो पुढे पसरला. म्हणून बारकाव्यांकडे लक्ष जातं पण समग्र चित्र हातून निसटतं, असंही त्याला जोडलं गेलं. सिद्धान्त सुटसुटीत होता. माझ्या मते जरा जास्तच सुटसुटीत.

आणि मग डोकं हललं. २०१२ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी एकच गोष्ट दाखवली. त्यातला सेंट लुईसच्या जोनाथन पॉवर यांचा निबंध सर्वांत गाजला. यंत्रात माणसाचं डोकं अर्धा मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी हललं, तरी आकड्यांमध्ये खोट्या जोडण्या तयार होतात. त्या कशाही नव्हेत, एका ठरावीक घडणीच्या असतात: लांबचे दुवे सैल दिसतात आणि जवळचे घट्ट. म्हणजे ऑटिझमबद्दल जे सांगितलं जात होतं अगदी तेच चित्र, केवळ चुळबुळीतून उभं राहू शकत होतं. ऑटिझम असलेली मुलं यंत्रात सरासरीने जास्त हलतात, हे प्रयोगशाळांत सगळ्यांना ठाऊक होतं. पॉवर यांच्याच गटाने त्याआधी लहान मुलांमध्ये जवळचे दुवे घट्ट असतात आणि वयाबरोबर लांबचे पक्के होतात असं मांडलं होतं. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात, तेव्हा या शोधाचा काही भाग डोक्याच्या हालचालीतून आला होता हे त्यांना स्वतःलाच लिहावं लागलं. विज्ञानात असं स्वतःच्या हाताने स्वतःचं घर पाडणं वाटतं तितकं नेहमीचं नाही. त्यानंतर हालचालीची काटेकोर काळजी घेऊन कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकने ऑटिझम असलेल्या प्रौढांचा अभ्यास केला. २०१४ च्या त्या निबंधात त्यांची जाळी बहुतांशी इतरांसारखीच निघाली.

तरीही सगळंच वाहून गेलं नाही. स्टॅनफर्डमधले विनोद मेनन आणि त्यांच्यासोबत काम केलेल्या, आता लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असलेल्या ल्युसिना उद्दिन यांचं लक्ष जोडणी कमी की जास्त यापेक्षा जाळ्यांमधल्या अदलाबदलीकडे होतं. मेंदूच्या घडीत, बाहेरून न दिसणारा इन्सुला नावाचा भाग आहे. त्याचा पुढचा हिस्सा ज्या जाळ्यात येतो त्याला सॅलियन्स नेटवर्क म्हणतात. आतून-बाहेरून येणाऱ्या असंख्य गोष्टींपैकी आत्ता महत्त्वाची कुठली हे ते निवडतं, असं २०१० मध्ये या दोघांनी मांडलं. आत वळलेलं मन एका रुळावर आणि समोरच्या कामात गुंतलेलं मन दुसऱ्या रुळावर, असं धरलं तर हे जाळं म्हणजे सांधेवाला. ठरलेली वाट बदलली की कोसळणारं मूल, एकाच विषयात तासन्‌तास रमणारा मुलगा, पंख्याची घरघर कानात शिरल्यावर आईची हाक न ऐकू येणारी मुलगी, यांच्याकडे या दिशेने पाहिलं की प्रश्न ‘यांना माणसं नकोत का’ असा उरत नाही. कशाला महत्त्व द्यायचं आणि तिथून कधी हलायचं, हे इथे वेगळ्या तऱ्हेने ठरत असेल, असा तो होतो. मला ही मांडणी जास्त माणुसकीची वाटते, पण तेवढ्याने ती खरी ठरत नाही.

२०१३ मध्ये उद्दिन, मेनन आणि सहकाऱ्यांनी ७ ते १२ वयाच्या ४० मुलांवर ती तपासली. निम्म्यांना ऑटिझम होता. इथे जाळ्यांची जोडणी कमी नव्हती, उलट जास्त होती. त्यावरून त्यांनी सुचवलं की जोडणी लहानपणी जास्त आणि मोठेपणी कमी असू शकते, म्हणून वय न बघता केलेली तुलना फसवी. याच अभ्यासात नुसत्या सॅलियन्स नेटवर्कवरून कोणत्या मुलाला ऑटिझम आहे हे ७८ टक्के अचूक ओळखता आलं. हा आकडा मथळ्यांत गेला. पण निम्म्यांना ऑटिझम असलेला गट प्रयोगशाळेतच मिळतो. शाळेतल्या हजार मुलांत दहा जणांना ऑटिझम आहे असं धरा. त्या अभ्यासाच्या हिशेबाने चाचणी दहापैकी सात-आठ जणांना ओळखेल आणि ऑटिझम नसलेल्या ९९० मुलांपैकी सुमारे दोनशेंवर शिक्का मारेल. आजही निदान होतं ते मुलाला खेळताना पाहून आणि आईवडिलांशी बोलून. ‘एमआरआय काढला की कळेल’ म्हणणारा भेटला, तर त्याला हे गणित जरूर दाखवावं.

पुढे विदा वाढली. अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी आपली स्कॅन एकत्र केली. या ‘अबाइड’ संग्रहात १,११२ जणांची स्कॅन होती, त्यांपैकी ५३९ जण ऑटिझम असलेले. अपेक्षा होती की एवढ्या मोठ्या संख्येतून एक स्पष्ट ठसा उमटेल. पण इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या अवितल हहामी यांनी सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये ही विदा वेगळ्या नजरेने पाहिली. ऑटिझम नसलेल्यांच्या जाळ्यांत एकमेकांशी बरंच साम्य होतं. ऑटिझम असलेला प्रत्येक जण सरासरीपासून दूर होता, पण आपापल्या दिशेने. सरासरी काढली की या दिशा एकमेकींना खोडतात आणि हाती काहीच उरत नाही. आधीच्या अभ्यासांत कधी जोडणी जास्त, कधी कमी, कधी फरकच नाही असं का येत होतं, त्याचं हे एक उत्तर असू शकतं. बिस्वालच्या बाबतीत झालं तसंच इथेही जे गाळून टाकलं जात होतं त्यातच शोध होता.

एकेका माणसाचं जाळं विश्वासाने काढायचं तर मात्र वेळ लागतो. सेंट लुईसमध्ये दहा जणांना मध्यरात्रीनंतर, यंत्र मोकळं असताना, प्रत्येकी दहा रात्री झोपवून प्रत्येकाच्या नुसत्या विश्रांतीचे पाच तास नोंदवले गेले. ती मोठी माणसं होती, त्यांना जमलं. बोलता न येणारं, आवाजाने घाबरणारं सहा वर्षांचं मूल त्या नळीत पाच मिनिटं कसं झोपेल? त्याच्या सरावासाठी खोटी यंत्रं असतात, हलू नये म्हणून सिनेमा लावतात, अगदी लहान असेल तर रात्री गाढ झोपल्यावर स्कॅन करतात. पण झोपेतली जाळी जागेपणासारखी नसतात. जे हललेच त्यांची स्कॅन बाद होतात. त्यामुळे ‘ऑटिझमचा मेंदू’ म्हणून जे छापलं जातं ते बहुतांशी बोलू शकणाऱ्या, सूचना पाळू शकणाऱ्या आणि बव्हंशी मुलग्यांच्या मेंदूचं चित्र आहे. ज्यांच्या घरी आधाराची सर्वाधिक गरज, ते त्यात जवळजवळ नाहीतच.

हलणारं मूल चालतं अशीही संशोधनाची तऱ्हा आहे, आणि ती आपल्या शेजारीच वापरली गेली. गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आला. तिथे तज्ज्ञ डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी जात. मूल आईवडिलांबरोबर खेळताना त्यांची चित्रफीत काढत आणि मग ती त्यांच्याच सोबत बसून बघत: इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही तेव्हा काय केलंत? काही महिन्यांनी आईवडील मुलाच्या कलाने जास्त वागू लागले, मुलंही आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ अपेक्षेच्या उलट कमी झाला, आणि संशोधकांनी तेही तसंच नोंदवलं.